बोगद्याशेजारची राखीव जागा

डोंगर पोखरणाऱ्या माणसाचा घरात काडीचा वचक नसतो, हे मी स्वतःवरून सांगतो. पंचवीस-एक वर्षं मी रस्ते आणि बोगदे काढत देशभर हिंडलो. एकदा दोन्ही टोकांनी खणत आलेला बोगदा मधोमध दोन बोटांच्या फरकाने जुळला, तेव्हा हेल्मेटं हवेत उडाली होती, आणि त्यातलं एक परत येताना माझ्याच डोक्यावर पडलं होतं. पण घरी अजून गॅसची नळी बदलायची झाली की बायको शेजाऱ्याला हाक मारते. मी म्हणतो, अगं, मी आहे ना. ती म्हणते, म्हणूनच.

अशा माणसाची बदली उतारवयाच्या उंबरठ्यावर सीमाभागातल्या स्वतःच्याच गावाकडे झाली. काम होतं ठाणाकुशनूरकडून कमलनगरकडे येणारा रस्ता रुंद करायचं. वाटेत रेल्वेचं फाटक होतं, ते काढून रुळाखालून रस्ता न्यायचा होता. हे फाटक म्हणजे आमच्या भागातलं सक्तीचं विश्रांतिस्थान. फाटक पडलं की सोयाबीनचे टेम्पो, जीपगाड्या, नवरदेव, बाळंतिणी सगळे सारखेच थांबायचे. मोटारसायकलवाले मात्र गाडी आडवी करून, मान वाकडी करून दांड्याखालून निसटायचे. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या माणसांची मान थोडी डावीकडे झुकलेली दिसते, त्याचं कारण माझ्या मते हेच असावं.

कागदावर या कामाला भुयारी मार्ग म्हणत. लोक म्हणत बोगदा. मी हिमालयात खरे बोगदे पाहिलेला माणूस, मला त्याची लाज वाटायची. हा बोगदा म्हणजे काँक्रीटची चौकोनी पेटी, दोन खोल्यांच्या घराएवढी. ती रुळाशेजारच्या खड्ड्यात ओतायची. मग वरून गाड्या हळूहळू जाऊ द्यायच्या आणि खालून जॅक लावून पेटी इंचाइंचाने रुळाखाली रेटायची. पुढे माणसं माती काढत राहतात, मागून जॅक ढकलत राहतात. कपाटात खण सरकवावा तसं. फक्त कपाटावरून आगगाडी जात असते.

मी या सगळ्याचा प्रकल्प व्यवस्थापक होतो. प्रकल्प व्यवस्थापन म्हणजे काय, हे मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. दिवसभर फोन कानाला लावून दोन वाक्यं आलटूनपालटून म्हणायची असतात: "झालंच पाहिजे" आणि "बघतो". पहिलं खालच्यांना, दुसरं वरच्यांना. उलटं झालं की नोकरी जाते.

पेटीसाठी आणि उताराच्या रस्त्यासाठी जो खड्डा काढायचा होता, तो फाटकालगतच्या शेतात येत होता. ते शेत आमचंच. आता ते माझा चुलतभाऊ कसतो. त्याच शेतातून एका सकाळी पोकलेनवाल्याचा फोन आला. हा गडी तेलंगणाच्या बाजूचा, बोलणं सगळं दखनी.

"साब, एक अम्मा बैठी है. हटती नै."

"कहाँ बैठी है?"

"जहाँ खोदने का है, वहीच."

"तो समझाओ उनको."

"समझाया ना साब. बोली, तेरे साब को बोल, मैं उसकी मोठी आई है. बोली, उसका हगा-मूता मैं धोई है."

मी फोन कानाला घट्ट दाबला. ऑफिसात तिघं बसले होते आणि फोनचा आवाज मोठा होता.

आमच्या घरात बोलणं मराठी, पण नाती कन्नड. वडिलांच्या थोरल्या भावाची बायको ती दोड्डव्वा, म्हणजे मोठी आई. ऐंशी कधीच ओलांडलेली, बांध्याने चिमुकली, आवाज मात्र असा की फाटकावरच्या माणसाला तिची हाक ऐकून गाडी आली असं वाटावं. मला दुसरीपर्यंत तिनेच वाढवलं. पुढे वसतिगृहं, कॉलेज, डोंगर. मी लांब गेलो तरी ती माझ्याशी दुसरीतल्या मुलाशी बोलावं तशीच बोलत राहिली.

शेतात गेलो तर पोकलेनचा हात आभाळात अडकल्यासारखा थांबला होता. माणसं खाली सावलीत विड्या ओढत बसली होती. काकांच्या समाधीच्या ओट्याशेजारी, मोकळ्या जागेत, दोड्डव्वा मांडी घालून, पाठ ताठ करून बसली होती. बाजूला तिचा टॉवेल पसरलेला, चार कोपऱ्यांना चार दगड. बसच्या खिडकीतून टॉवेल टाकून लोक सीट धरतात ना, अगदी तसं.

"दोड्डव्वा, काय करायलीस?"

"बसलेव."

"ते दिसायलंय. कामून?"

"बसून बघायलेव, मावतंय का न्हाई."

"काय?"

"मी." तिने डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या काकाच्या बगलेची जागा हाय ही. त्याला बसवलं तवाच ठरलंय, जंगमासमोर. इकडं तो, इकडं मी. आता तू म्हणं हितं बोगदा काढायलास."

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. आम्ही लिंगायत, आमच्यात चिता नाही. माणूस लिंगैक्य झाला की आमचा पुरोहित, म्हणजे जंगम, मंत्र म्हणतो आणि त्याला खड्ड्यात बसवतात, मांडी घालून, पाठ सरळ, हातात लिंग. आयुष्यभर पोक काढून हिंडलेला माणूसही शेवटी ताठ बसतो. बहुतेकांना स्वतःच्या शेतात बसायला आवडतं, म्हणजे मेल्यावरही शेजाऱ्याच्या गुरांवर लक्ष ठेवता येतं. आमच्या शेताच्या कडेला तिघं बसलेत: पणजोबा, आजोबा आणि काका. वर दगडी ओटे. चौथी जागा मोकळी.

आणि इथेच माझी चूक. रस्त्याच्या हद्दीची यादी मीच तपासली होती. त्यात लिहिलं होतं: दगडी ओटे तीन, हद्दीबाहेर, बाधित नाहीत. रस्ता फाटकाकडे येताना तिरका होत जातो. त्याची रेष पणजोबांपासून चांगली लांब, आजोबांपासून हातभर लांब आणि काकांपासून वीतभर लांब जात होती. मी खूश झालो होतो. तिन्ही वाडवडील सुखरूप, म्हणून मी बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. तीच रेष पुढे जाऊन चौथ्या, मोकळ्या जागेला तिरकी कापत होती. पण माझ्या धंद्यात मोकळी जागा ही मोकळीच असते. ती कुणाची तरी असते, हे मला सुचलं नाही. तेवढी पट्टी कामापुरतीच घ्यायची होती, मग परत द्यायची होती, म्हणून घरातल्या बाप्यांनी सह्या करून टाकल्या. दोड्डव्वाला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"दोड्डव्वा, ही पट्टी काम झाल्यावर परत मिळणार आहे."

"कशी? हाय तशी?"

आता हिला खोटं सांगणं शक्य नव्हतं. "तशी नाही. रस्ता खाली उतरणार ना, म्हणून कडेला भिंत. भिंतीचा पाया मातीखालून शेताकडे येतो. मग त्याच्यावर दगडगोट्यांचा भराव. त्यात खड्डा टिकत नाही, ढासळतो."

"म्हंजे मी गिट्टीत बसू?"

विड्या ओढणाऱ्यांपैकी एकजण ठसकला.

तेवढ्यात चुलतभाऊ मोटारसायकलवरून आला. तो साठीला आलेला असूनही आईपुढे अजून चड्डीतच असल्यासारखा उभा राहतो.

"अव्वा, ऊठ. लोक हसायलेत."

"हसू दे की. मेल्यावर रडणार हायेत का ते?"

"आगं, विहिरीकडच्या वावरात जागा हाय की मोप. तितं बसवतो तुला. सावली बी हाय."

"तितं कोण हाय माझं? बोअरची मोटार? ती बी जळलेली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू इतके बोगदे काढलास म्हणं. डोंगराला भोकं पाडलास. एक म्हातारी मांडी घालून बसंल एवढी जागा सोडाय येईना तुला?"

"बघतो," मी म्हणालो.

"ते बघतो मला नगं. तुझा काका बी बघतोच म्हणायचा. छप्पर गळून गळून खाली पडलं, तवर बघतच होता."

शेवटी तह झाला. पोकलेनने बाकी सगळीकडे खणायचं, चौथ्या जागेजवळ यायचं नाही, आणि मी चार दिवसांत काय ते सांगायचं. त्याहून जास्त माझ्याही हातात नव्हते. रेल्वेने एक दिवस ठरवून दिला होता. त्या दुपारी काही तास गाड्या थांबवून रुळांखाली लोखंडी तुळया घालायच्या होत्या, म्हणजे पुढे पेटी रेटताना रूळ खचणार नाहीत. त्याआधी खड्डा आणि कडेची भिंत उभी हवी होती. रेल्वेचा दिवस हुकला की दुसरा कधी मिळेल, ते विचारायलासुद्धा आधी दिवस मागून घ्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर बैठक होती. पडद्यावर सोळा चौकोन आणि त्यातल्या मोठ्यात आमचे साहेब. मी अडचण मांडली.

"बाधित कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझी चुलती, सर."

"त्यांचं घर जातंय?"

"नाही."

"विहीर, झाड, देऊळ?"

"नाही सर. समाधी."

"मग लिहा समाधी. रकाना आहे तो."

"पण सर, त्या अजून आत नाहीत."

कुणाचा तरी माइक चालू राहिला होता, तिथून कपात चहा परत पडल्याचा आवाज आला.

"कधी जाणार आहेत?"

"तारीख मिळालेली नाही, सर."

साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी चष्मा काढला, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "हे बघा, जिवंत माणसाची समाधी मी कुठल्या रकान्यात घालू? रस्त्याची रेष हलणार नाही. ती रेल्वेनेही मंजूर केलीय. भिंतीत काही करता येत असेल तर डिझाइनवाल्यांना विचारा. आणि ते मला रेल्वेच्या दिवसाआधी हवंय. झालंच पाहिजे."

"बघतो," मी म्हणालो. या वेळी योग्य माणसाला.

भिंतीचं गणित करणारी मुलगी हैदराबादेत बसायची, मूळची सांगलीकडची. तिच्याशी मी कधी समोरासमोर बोललो नव्हतो. मी तिला फोन केला. म्हटलं, आपल्या भिंतीचा पाया मातीखालून शेताकडे जातो, तो उलटा करून रस्त्याखाली घेता येईल का? म्हणजे शेतात शिरायला नको. आणि एका दमात खणण्याऐवजी तुकड्या-तुकड्याने उभं खणू, म्हणजे बाजूची माती ढासळणार नाही.

"येईल की सर. पण लोखंड वाढेल. कारण लिहावं लागेल."

"अस्तित्वात असलेलं बांधकाम वाचवणे."

"फोटो पाठवा."

माझ्याकडे त्या जागेचा एकच फोटो होता, तो मी पाठवला. पाच मिनिटांनी फोन आला.

"सर, यात बांधकाम कुठं आहे?"

"मधोमध."

"मधोमध एक आजी बसल्यात."

"त्याच."

मला वाटलं, आता ही कुणाला तरी सांगणार आणि मी कंपनीभर गाजणार. मग ती हळूच म्हणाली, "आमची पण अशीच बसते. हट्टाला पेटली की. सर, जागा किती लागेल?"

"काकांच्या ओट्याएवढी," मी ठोकून दिलं.

"बघते," ती म्हणाली. बघते म्हणणाऱ्या माणसाने खरंच बघितलं, असा अनुभव मला नोकरीत त्या एकदाच आला. तिसऱ्या दिवशी नकाशा आला. भिंत उलटी झाली होती आणि तिच्यामागे एक छोटा चौकोन होता. बाकी नकाशात सगळे आकडे आणि खुणा, या चौकोनात फक्त "राखीव". साहेबांनी सही केली. त्यांनी कारण वाचलं की नाही, मी विचारलं नाही.

मी टेप घेऊन शेतात गेलो. नव्या नकाशाप्रमाणे भिंत आणि तिच्यामागची पाण्याची नाली सोडली की चौथ्या जागेची लांबी उरत होती सात फूट. मग मी काकांच्या ओट्याला टेप लावली. साडेनऊ फूट. टेप पुन्हा लावली. साडेनऊ. तिसऱ्यांदा लावली, कारण बोगद्यात दोन बोटं चुकणाऱ्या माणसाला स्वतःच्या काकाच्या बाबतीत अडीच फुटांची चूक मान्य होईना. साडेनऊच.

फिरवूनही बघितलं. पण खड्डा आडवा काढता येत नाही. बसणाऱ्याचं तोंड ठरलेल्या दिशेला हवं. लांबी रस्त्याकडेच जाणार. मी सांगलीकडच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "सर, आता एक इंच नाही. भिंत उभी राहायची तर एवढं लागणारच." मला ते माहीत होतं. तरी विचारलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी दोड्डव्वाकडे गेलो. ती ओसरीत पाय पसरून सुपात तुरीची डाळ निवडत होती. मी मोठ्या तयारीने गेलो होतो. नकाशा घडी घालून खिशात, लाल पेन, तीन पर्याय. अवघड बातमी कशी सांगायची याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मी एकदा घेतलंय. त्यात नाश्ता चांगला होता.

"दोड्डव्वा, लई खटपट केली," मी म्हणालो. "भिंत उलटी केली. पण सातच फूट राहायलेत. काकाला साडेनऊ लागले होते. अडीच फूट कमी पडायलंय."

मला वाटलं होतं, ती सूप फेकील. निदान माझा उद्धार करील. मी त्याच तयारीत बसलो होतो. ती डाळ निवडत राहिली. दोन खडे काढून बाजूला ठेवले.

"बरं," ती म्हणाली. "मग विहिरीकडं बसवा."

"दोड्डव्वा..."

"तू केलास की तुझ्यानं झालं तेवढं." तिने सूप पाखडलं. कोंडा माझ्या अंगावर आला, पण तो मुद्दाम नव्हता, आणि तेच मला लागलं. "फकस्त त्याला तूच सांगून ये. लई वरसं वाट बघायलाय तो. मी न्हाई सांगत."

प्रशिक्षणात हे नव्हतं.

मी गेलो. आता सांगायला लाज वाटते, पण मी खरंच काकांच्या ओट्यापुढे जाऊन उभा राहिलो. हेल्मेट घालायचं की काढायचं, यावर थोडा वेळ गेला. काढलं. मग काय बोलावं सुचेना, म्हणून सवयीने टेप काढली आणि चौथ्यांदा ओटा मोजायला लागलो. टेप खोटी ठरली तर मला कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं.

"सायब, किती डाव मोजतालाव?"

मागे शेळ्या घेऊन एक म्हातारा उभा होता. तो माझ्या ओळखीचा. चार गावांतल्या आमच्या लोकांचे खड्डे तोच काढतो. मूळचा मेंढरंवाला, आता मजुरी करतो. काकांचा खड्डाही त्यानेच काढला होता. मी त्याला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. तो काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला,

"काकाच्या मापानं अव्वाला कामून बसवायलाव?"

"म्हणजे?"

"ज्याचा खड्डा, त्याचं पाऊल. नऊ पावलं लांब, पाच रुंद, पाच खोल. मेलेल्या माणसाच्या पावलाला सुतळी लावायची अन् तीच मोजून टाकायची. तुमच्या काकाचं पाऊल काय पाऊल होतं व्हय? उदगीरला चांभार तेच्यासाठी येगळं कातडं कापायचा. त्या खड्ड्यानं माझी कंबर मोडली." शेळीला काठी मारून तो म्हणाला, "अव्वाचं पाऊल बघितलाव का कवा?"

मी दर सणाला त्या पावलांवर डोकं ठेवत आलोय. पन्नास वर्षं. लांबी कधी पाहिली नव्हती.

आम्ही दोघं, म्हणजे तो, मी आणि सहा शेळ्या, तसेच घरी गेलो. दोड्डव्वा अजून डाळच निवडत होती. चुलतभाऊ आतून बाहेर आला, त्याला वाटलं काहीतरी वाईट झालं.

"दोड्डव्वा, पाय भिंतीला लाव."

"कामून?"

"लाव तर. टाच भिंतीला."

तिने पाय सरकवला. मी ओसरीत पालथा पडलो. सुरक्षेच्या बुटांत, गळ्यात ओळखपत्र लोंबत, आयुष्यातलं सगळ्यात काळजीपूर्वक मोजमाप मी त्या दिवशी घेतलं. साडेआठ इंच. सुतळी लावून म्हाताऱ्यानेही मोजलं. त्याची सुतळी आणि माझी टेप जुळली. मी फोनवर गुणाकार केला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा केला. सहा फूट साडेचार इंच. जागा सात फूट.

"मावायलंय," मी म्हणालो. आवाज जरा चमत्कारिक निघाला असावा, कारण चुलतभावाने मला पाणी आणून दिलं.

दोड्डव्वाने पाय मागे घेतला आणि पदर घोट्यावर ओढला. मग म्हाताऱ्याला म्हणाली, "तू काढणार हायस ना माझा? का त्याच्या यंत्रानं काढणार?"

"मीच काढतो की अव्वा. तुझा बारका हाय. दुपारच्या आत व्हतंय."

"अन् मला बसवायचा कोनाडा याच्या भिंतीकडच्या बाजूला नगं काढू. उगं यांचा बोगदा माझ्यावर पडायचा."

"भिंत पडत नाही, दोड्डव्वा," मी जरा दुखावून म्हणालो.

"छप्पर बी पडत नव्हतं." मग माझ्याकडे बोट करून तिने विचारलं, "सातात किती ऱ्हायलं?"

"साडेसात इंच."

"तेवढ्यात माझा पानाचा डबा मावंल." तिने दोन्ही हातांनी डब्याची लांबी दाखवली. सात इंच तरी होती. "तो लांब पडला न्हाई पायजे. तुझ्या काकाला मीच पान लावून द्यायची."

म्हाताऱ्याने शेळ्या वळवल्या. जाता जाता दारातून म्हणाला, "सायब, माप लिहून ठेवा. पर पाय सुजू देऊ नका अव्वाचा. सुजला तर भिंत पाडावी लागंल तुम्हाला."

पोकलेन त्याच संध्याकाळी त्या बाजूला वळलं. तुकड्या-तुकड्याने खणलं, भिंत उभी राहिली, रेल्वेच्या दिवशी तुळया बसल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत पेटी रुळाखाली गेली. पेटी उजवीकडे चार बोटं सरकली, मग डावीकडचे जॅक जास्त रेटून सरळ करावी लागली. पण ते सगळ्याच पेट्या करतात. त्याचं मला कौतुक नाही. फाटक गेलं. लोक आता न थांबता जातात आणि फाटकापाशी ज्या बातम्या फुकट मिळायच्या त्या मिळत नाहीत, अशी तक्रार करतात.

दोड्डव्वा जीपमधून कमलनगरला डॉक्टरकडे जाते, तेव्हा उतारावर डावीकडच्या भिंतीकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगते, "वरची जागा माझी हाय." नवे प्रवासी घाबरतात. जीपवाला विचारतो, "अव्वा, कवा जायलीस मग?" ती म्हणते, "तुझी जीप मोडीत निघाल्यावर." ती जीप कितीतरी वर्षांपूर्वीच मोडीत निघायला हवी होती.

मागच्या वेळी डॉक्टरने सांगितलं, रक्तदाब वाढलाय, पायावर सूज येईल, मीठ कमी करा, लोणचं बंद. हे तिला दहा वर्षं सगळे सांगतायत. सुनेने सांगितलं, नातवंडांनी सांगितलं, मी सांगितलं. लोणच्याची बरणी तिच्या उशाशी असायची. पण या वेळी डॉक्टरने सूज म्हटलं आणि ती वाद न घालता उठली. घरी आली, बरणी उचलून सुनेच्या हातात दिली आणि मला फोन केला.

"टेप घेऊन ये."

मी गेलो. तिने टाच भिंतीला लावली, श्वास रोखला, जणू त्याने पाऊल आक्रसतं. मी पालथा पडलो.

"किती?"

"साडेआठ आणि एक रेघ."

"रेघ म्हंजे?"

"अर्धा दाणा. काही नाही ते."

"नऊ डाव धरल्यावर?"

मी हिशेब केला. "अर्ध्या इंचाच्या वर. साडेसातातले सात राहत नाहीत."

ती डब्याकडे बघत राहिली. तिच्यात आणि माझ्यात एकच फरक आहे. मी माझ्या कामात थोडी जागा नेहमी जास्त धरतो आणि ती कुणाला सांगत नाही. तिने मात्र शेवटचा इंचही डब्याला देऊन टाकलाय.

"आजपासून पापड बी बंद," ती आत सुनेला ओरडून म्हणाली. मग मला म्हणाली, "अमावास्येला पुन्हा ये. सकाळी ये, सकाळी पाय बारीक असतोय."